गिमवीचा कृमी

रत्नागिरी जिल्ह्यातल्या गुहागर तालुक्यात गिमवी नावाचं गाव आहे. मुंबई-पुण्याच्या माणसाला ते ठाऊक असण्याचं कारण नाही. पण परोपजीवी कृमींवरच्या ग्रंथांत शिस्टोसोमाचं प्रकरण उघडलं आणि भारताचा विषय निघाला, की या गावाचं नाव आल्याशिवाय राहत नाही. १९५२ साली आर. के. गाडगीळ आणि एस. एन. शाह यांनी ‘इंडियन जर्नल ऑफ मेडिकल सायन्सेस’मध्ये एक निबंध प्रसिद्ध केला. माणसाच्या मूत्राशयाच्या शिरांत राहणारा शिस्टोसोमा हिमॅटोबियम हा कृमी गिमवीत स्थानिक पातळीवर पसरतो आहे, असं त्यांनी त्यात दाखवलं होतं. तोवर मुंबईच्या रुग्णालयांत असे रुग्ण अधूनमधून दिसत, पण ते बहुतेक आफ्रिकेतून किंवा अरबस्तानातून आलेले असत. त्यांचा रोग बाहेरचा म्हणून सोडून देता येत होता. गिमवीच्या बाबतीत ती सोय नव्हती.

या रोगाची खूण एकच आणि ठळक: लघवीतून रक्त जाणं. इजिप्तमध्ये नाईलच्या काठी हे इतकं सर्रास होतं, की मुलगा वयात येताना असं व्हायचंच अशी लोकांची समजूत होती. कैरोत काम करणाऱ्या थिओडोर बिलहार्झ या जर्मन डॉक्टरनं १८५१ साली शवविच्छेदनात हा कृमी पहिल्यांदा पाहिला. आपल्याकडे लघवीत रक्त दिसलं की घरचे आणि डॉक्टर दोघंही आधी मुतखड्याचा विचार करतात, आणि बहुतेक वेळा ते बरोबरच असतं. त्यामुळे कृमीचा संशय येण्यासाठी कुणीतरी तो नमुना सूक्ष्मदर्शकाखाली धरावा लागतो.

तो नमुना कधी घ्यायचा यालाही नियम आहे. सकाळी दहा ते दुपारी दोन या वेळातली लघवी घ्यायची, शक्य तर रुग्णाला थोडं चालायला लावून, आणि शेवटचे थेंब तर हमखास घ्यायचे. या कृमीची अंडी भर दुपारी सर्वांत जास्त बाहेर पडतात. नमुना फिरवून तळाचा गाळ काचपट्टीवर घेतला, की तांबड्या पेशींच्या गर्दीत एखादं लांबट, पिवळसर, पारदर्शक अंडं दिसतं. लांबी मिलिमीटरच्या सातव्या-आठव्या हिश्शाएवढी. एक टोक गोलसर आणि दुसऱ्या टोकाला नेमका एक काटा. काटा टोकाला असेल तर हिमॅटोबियम आणि बाजूला असेल तर आतड्याच्या शिरांत राहणारा मॅन्सोनी, अशी ओळख विद्यार्थ्यांना पहिल्याच तासाला करून देतात. अंडं ताजं असेल तर आतली अळी हलताना दिसते. काचपट्टीवर साधं पाणी घातलं तर थोड्या वेळात कवच फुटतं आणि केसाळ अंगाची ती अळी सरळ रेषेत पोहत निघते. तिला गोगलगाय हवी असते आणि शोधायला तिच्या हाती काही तासच असतात.

हिमॅटोबियमला जी गोगलगाय लागते तिच्या आफ्रिकेतल्या जाती भारतात आढळत नाहीत. मग गिमवीत हा कृमी जगत कुणात होता? गाडगीळ आणि शाह यांनी ‘फेरिसिया टेन्युइस’ या गोड्या पाण्यातल्या चिमुकल्या गोगलगायीकडे बोट दाखवलं. तिच्या कवचाला पीळ नसतो, ते काही मिलिमीटरचं असतं आणि दगडाला, पाण्यातल्या पानाला चिकटलेलं राहतं. पऱ्ह्याच्या कडेला बसूनही ती सहज नजरेतून सुटते. प्रयोगशाळेत या गोगलगायीला संसर्ग करून पाहिल्याचं त्यांनी पुढं १९५५च्या सुमारास मांडलं. आपल्या देशात या प्रश्नाला आधीची वाट होती. मुंबईत सोपारकर या संशोधकांनी १९२१ साली गुराढोरांच्या रक्तातल्या ‘शिस्टोसोमा स्पिंडेल’ची पोहणारी अळी कोणत्या गोगलगायीतून निघते हे शोधून काढलं होतं. खाचरात उतरलं की पोटऱ्यांना खाज सुटते, पुरळ येतं, हा शेतकऱ्यांचा अनुभव. पुष्कळदा त्यामागं गुरांच्या याच कृमींच्या अळ्या असतात. माणसाच्या कातडीत त्या शिरतात आणि तिथंच मरतात.

गोगलगायीतून निघालेली हिमॅटोबियमची अळी मात्र मरत नाही. कातडीतून रक्तात, रक्तातून फुप्फुसात, तिथून यकृतात आणि शेवटी मूत्राशयाभोवतीच्या शिरांत ती पोचते. गिमवीत हा कृमी पहिल्यांदा कसा आला याचं पक्कं उत्तर कुणाकडे नाही. रत्नागिरीच्या बंदरांतून एडन, झांझिबार, मोम्बासाकडे जाणाऱ्या खलाशांचा इतिहास जुना आहे. एखादा परतलेला माणूस तो अंगात घेऊन आला असावा, हा माझा तर्क, त्याहून अधिक नाही. पुढं हाफकिन संस्थेच्या बी. बी. गायतोंडे आणि सहकाऱ्यांनीही गिमवीचा अभ्यास केला, तो १९८१ साली प्रसिद्ध झाला. एकेकाळचं हे ठाणं नंतर ओसरलं, असंच आता मानलं जातं. भारतात हा रोग नाही असं आपण म्हणतो, त्या वाक्याला गिमवीची ही तळटीप कायम जोडलेली राहिली पाहिजे असं मला फार वाटतं. जी गोष्ट एकदा घडली ती घडू शकते, एवढं तरी तिच्यामुळं कळतं.

आता कृमीकडेच वळू, कारण या प्रकरणाचा खरा विषय त्याच्या शरीराच्या आत आहे.

शिस्टोसोमा हा चपट्या कृमींच्या कुळातला. या कुळातले जवळपास सगळे कृमी एकाच देहात नर आणि मादी असतात, पण शिस्टोसोमात ते वेगळे आहेत. नर जाडसर, एक-दीड सेंटिमीटरचा. त्याच्या पोटाच्या बाजूला लांबच लांब पन्हळ असते आणि दोऱ्यासारखी बारीक मादी आयुष्यभर त्या पन्हळीत राहते. वर्षानुवर्षं, कधी दशकाहूनही अधिक काळ ही जोडी रक्तात जगते. हिमॅटोबियमची मादी दिवसाला काही डझन ते शे-दोनशे अंडी घालते. त्यातली निम्मीअधिक बाहेर पडतच नाहीत. ती मूत्राशयाच्या भिंतीत, यकृतात रुतून बसतात. शरीर प्रत्येक अंड्याभोवती सुजेची गाठ बांधतं, भिंत जाड होते, रक्त येतं, आणि वर्षानुवर्षं हे चाललं तर मूत्राशयाच्या कर्करोगापर्यंत गोष्ट जाते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं हिमॅटोबियमला कर्ककारकांच्या पहिल्या गटात घातलं आहे.

इथं थोडं थांबून विचार करायला हवा. रक्तात राहणारा मोठा कृमी स्वतः फारसं बिघडवत नाही. रोग करतात ती अंडी. रोग पसरवतात तीही अंडीच. मग औषधानं कृमी मारायलाच हवा का? त्याला अंडी घालता आली नाहीत, तर रुग्ण बरा होईल आणि पऱ्ह्याचं पाणीही स्वच्छ राहील.

सध्याचं औषध दुसऱ्या वाटेचं आहे. प्राझिक्वांटेल हे १९७० च्या दशकात जर्मनीत बायर आणि मर्क या कंपन्यांत तयार झालं. वजनाच्या दर किलोमागं ४० मिलिग्रॅम, बहुतेकदा एकाच दिवसाचं काम. कृमीच्या स्नायूंत कॅल्शियम घुसतं, ते आखडतात आणि त्याची शिरेवरची पकड सुटते. हे नेमकं कोणत्या दारातून घडतं ते मात्र २०१९ पर्यंत कळलेलं नव्हतं. त्या वर्षी जोनाथन मार्चंट यांच्या गटानं टीआरपीएम जातीची एक वाहिनी दाखवून दिली. चाळीस वर्षं कोट्यवधी लोकांनी घेतलेल्या औषधाचं लक्ष्य इतक्या उशिरा सापडावं, यावरून या रोगाकडे संशोधनाचा पैसा किती थोडा वळला आहे याची कल्पना येते. औषध चांगलं आहे, पण कोवळ्या कृमींवर ते जवळपास चालत नाही. गेल्या चारेक आठवड्यांत शिरलेली अळी त्यातून वाचते, आणि माणूस पुन्हा त्याच पाण्यात उतरतो. मुख्य म्हणजे सगळा भार या एकाच औषधावर आहे. मेंढ्या-शेळ्यांच्या पोटातल्या ‘हिमॉन्कस’ कृमीवर एकेक करून औषधं निकामी झालेली पशुवैद्यांनी पाहिली आहेत. माणसाच्या कृमींबाबत आपण तेवढी वाट पाहणं धोक्याचं आहे.

अंडी घालण्याचा हुकूम कृमीच्या शरीरात कोण देतं, हा प्रश्न म्हणून महत्त्वाचा.

आपल्या शरीरात असे हुकूम संप्रेरकं नेतात. थायरॉइडची गोळी घेणाऱ्या माणसाच्या शरीरात ते द्रव्य रक्तातून पेशीत जातं आणि तिथल्या एका प्रथिनाच्या खोबणीत बसतं. हे प्रथिन म्हणजे ग्राही, ज्याला डॉक्टर रिसेप्टर म्हणतात. थायरॉइड, कॉर्टिसोन, इस्ट्रोजेन, ‘ड’ जीवनसत्त्व यांचे ग्राही एकाच घराण्यातले आहेत. त्यांना केंद्रकीय ग्राही म्हणतात, कारण ते पेशीच्या केंद्रकात डीएनएवर बसून काम करतात. प्रत्येकाचे ठळक दोन भाग असतात. एका भागात जस्ताच्या अणूंनी ताठ धरलेली दोन ‘बोटं’ असतात, ती डीएनएवरची ठरावीक अक्षरं चाचपून पकडतात. दुसऱ्या भागात खोबण असते. खोबणीत संप्रेरक बसलं की प्रथिनाचा आकार बदलतो आणि समोरचा जनुक चालू किंवा बंद होतो. माणसात असे ४८ ग्राही आहेत. मातीत मोकळा राहणारा ‘सिनोऱ्हॅब्डिटिस एलेगन्स’ हा गोलकृमी लांबीनं मिलिमीटरभर, पण त्याच्यात २८४ आहेत. शिस्टोसोमा मॅन्सोनीत सापडले २१.

औषध बनवणाऱ्यांना हे घराणं आवडतं. खोबण लहान असते, त्यात लहान रेणू बसतो, आणि तो रेणू स्निग्ध असल्यानं पेशीच्या पडद्यातून आत जातो, म्हणजे तोंडानं घ्यायची गोळी होऊ शकते. प्रेडनिसोलोन असंच काम करतं. स्तनाच्या कर्करोगावरचं टॅमॉक्सिफेनही असंच, फक्त ते इस्ट्रोजेनची जागा अडवून बसतं. थोडक्यात, या घराण्याला अडवण्याची कला माणसाला आधीपासून येते.

शिस्टोसोमाच्या ग्राहींवर अमेरिकेत वेंजी वू आणि फिलिप लोव्हर्डे यांनी वर्षानुवर्षं काम केलं. त्यांना एक विलक्षण गोष्ट दिसली. या कृमीच्या तीन ग्राहींत डीएनए पकडणारा भाग एक नसून दोन आहेत. म्हणजे दोनाऐवजी चार बोटं. अशी रचना चपट्या कृमींत, गोगलगायींच्या कुळात आणि डॅफ्नियासारख्या पाणपिसवांत आढळली. पाठीचा कणा असलेल्या कुठल्याच प्राण्यात ती नाही, म्हणजे माणसातही नाही. कृमीला लागेल पण रुग्णाला लागणार नाही अशी जागा औषधशास्त्राला हवी असते, ती इथं रचनेतच लिहिलेली आहे. उलट बाजूही सांगायला हवी. शिस्टोसोमाचे काही ग्राही आपल्या ग्राहींशी साम्य दाखवतात. थायरॉइड ग्राहीची दोन भावंडं आणि आरएक्सआर या आपल्या आणखी एका केंद्रकीय ग्राहीची दोन त्याच्यात आहेत. तिथं हात घालायचा तर फार जपून, नाहीतर कृमीसोबत रुग्णाचा थायरॉइडही बिघडेल. पण यातला पहिला आरएक्सआर अभ्यासण्याजोगा आहे. १९९९ साली दिसलं, की तो पी-१४ नावाच्या जनुकाच्या शेजारच्या डीएनएवर बसतो. पी-१४ हे अंड्याच्या कवचाचं प्रथिन. फक्त मादीतच बनतं, तेही ती नराच्या पन्हळीत असेल तेव्हाच.

या शेवटच्या अटीनं शास्त्रज्ञांना शंभर वर्षं कोड्यात टाकलं. एकटी वाढलेली शिस्टोसोमा मादी खुरटी राहते. तिचं अंडाशय पिकत नाही, कवचाचं द्रव्य साठवणाऱ्या ग्रंथी वाढत नाहीत. पिकलेली मादी नरापासून सोडवली तर तिची इंद्रियं पुन्हा आखडतात. परत नर भेटला, की ती पुन्हा पिकते. नराचं बीज त्यासाठी लागत नाही, नुसता त्याचा स्पर्श पुरतो. म्हणजे काहीतरी निरोप त्याच्या कातडीतून तिच्यात जात असला पाहिजे.

हे तपासायचं तर कृमी काचेच्या बशीत जगवून त्याला तिथं अंडी घालायला लावलं पाहिजे, आणि नेमकं तेच जमत नव्हतं. उंदरातून काढलेली जोडी बशीत काही दिवसांत अंडी द्यायची थांबे. डॅलसच्या टेक्सास विद्यापीठाच्या साउथवेस्टर्न वैद्यक केंद्रात जेम्स कॉलिन्स यांच्या गटानं जुन्या द्रावात तीन साध्या गोष्टी घातल्या: ‘क’ जीवनसत्त्व, तांबड्या रक्तपेशी आणि कोलेस्टेरॉल. कृमी आठवडेच्या आठवडे नीट अंडी घालू लागले. हे २०१९ साली प्रसिद्ध झालं. शिस्टोसोमाला कोलेस्टेरॉल स्वतः बनवता येत नाही, ते आपल्या रक्तातूनच उचलावं लागतं, हे लक्षात घेतलं तर तिसरी भर किती मार्मिक होती ते कळतं. त्याच निबंधात त्यांनी एकेक जनुक गप्प करून पाहिला. जनुक गप्प करण्याची रीत सोपी आहे: त्या जनुकाच्या अक्षरांचा दुपदरी आरएनए द्रावात सोडायचा, कृमी तो आत घेतो आणि जनुकाचा संदेश पेशीतच कापला जातो. अशा एका जनुकापाशी मादी नराच्या पन्हळीत असूनही पिकेनाशी झाली. तो जनुक एका केंद्रकीय ग्राहीचा निघाला. त्यांनी त्याला व्हीएफ-१ म्हटलं.

नराकडचं कोडं २०२२ मध्ये सुटलं. रुई चेन, कॉलिन्स आणि सहकाऱ्यांनी ‘सेल’ या नियतकालिकात दाखवलं, की मादी भेटताच नराच्या शरीरात एक विशिष्ट एन्झाइम बनू लागतं. या जातीचं एन्झाइम मुख्यतः जिवाणू आणि बुरशींत प्रतिजैविकं वगैरे बनवण्यासाठी असतं. कृमीत ते दोन लहान तुकडे जोडून बीटा-अलॅनिल-ट्रिप्टामाइन नावाचं द्रव्य तयार करतं. हे द्रव्य प्रयोगशाळेत बनवून त्यांनी नर न भेटलेल्या माद्यांच्या बशीत टाकलं. माद्या वाढल्या, पिकल्या आणि नराशिवाय अंडी घालू लागल्या. अर्थात ती फळणारी अंडी नव्हती. पण शंभर वर्षांचा प्रश्न एका बाटलीत आला होता.

व्हीएफ-१ आणि हे द्रव्य, दोन्ही एकाच घटनेच्या दोन बाजू. नराकडून निघालेला निरोप एकीकडे, मादीच्या पेशीत जनुकं चालू करणारा ग्राही दुसरीकडे. मधल्या साखळीत कुठंही कात्री लावली, तर मादी रक्तात जिवंत राहील, पण मूत्राशयाच्या भिंतीत नवी अंडी रुतणार नाहीत. आधीची अंडी शरीर हळूहळू निस्तरतं. मला या विषयातला हा सर्वांत मोलाचा विचार वाटतो, कारण तो रोगाच्या मुळाशी जातो.

हे सगळं काम मॅन्सोनीवर झालं आहे, हिमॅटोबियमवर नाही, कारण मॅन्सोनी उंदरात आणि गोगलगायीत वाढवायला सोपा. त्याचा जनुकसंच २००९ मध्ये वाचला गेला, हिमॅटोबियमचा २०१२ मध्ये. दोघं शिस्टोसोमा याच वंशातले नातेवाईक आहेत, त्यामुळे एकाचा धडा दुसऱ्याला लागू पडण्याची चांगली शक्यता आहे.

कोकणात आणि विदर्भात आजही जे कृमी आहेत, त्यांच्या बाबतीत हाच मार्ग वेगळ्या ग्राहींतून जातो. हत्तीरोगाचा कृमी गोलकृमी आहे आणि गोलकृमीला वाढताना कात टाकावी लागते. किडे कात टाकतात ती एक्डायसोन या संप्रेरकाच्या हुकमानं. त्याचा ग्राही माणसात नाही. २०१० मध्ये ‘ब्रुगिया मलायी’ या हत्तीरोगाच्या कृमीत एक्डायसोनचा ग्राही काम करतो याचा पुरावा मिळाला. २०१६ साली अमृता म्हशिळकर, थॉमस उन्नाश आणि सहकाऱ्यांनी तो ग्राही माणसाच्या मूत्रपिंडाच्या पेशींत बसवला, आणि योग्य द्रव्य खोबणीत बसलं की चमकणारं प्रथिन बाहेर पडावं अशी योजना केली. मग एकेक संयुग घालून चमक मोजली. सात संयुगं अगदी कमी मात्रेत चालली. त्यांत वनस्पतींत सापडणाऱ्या एक्डायसोनच्या भावंडांसोबत अळ्यांवर फवारल्या जाणाऱ्या कीटकनाशकांच्या कुळातली संयुगंही आशादायक दिसली. पोनास्टेरोन-ए दिल्यावर मादीनं पोटातली अर्धीकच्ची पिल्लं बाहेर टाकली. कात टाकण्याचा हुकूम अवेळी मिळाल्यावर कृमीची अशी दैना होते.

अंकुशकृमी आणि स्ट्राँगिलॉइडिस अनवाणी पायांच्या कातडीतून शिरतात. मातीत वाट पाहणारी त्यांची अळी खात नाही, वाढत नाही. पाय भेटला की जागी होते. हे जागं होणं डॅफ-१२ नावाच्या ग्राहीवर अवलंबून असतं, असं डेव्हिड मँगल्सडॉर्फ यांच्या गटानं २००९ मध्ये दाखवलं. स्ट्राँगिलॉइडिसचा संसर्ग माणसात वर्षानुवर्षं मुका राहतो आणि रुग्णाला स्टेरॉइड दिल्यावर एकदम भडकतो. करोनाच्या काळात डेक्सामेथासोन सर्रास वापरात आलं, तेव्हा डॉक्टरांना याची मुद्दाम आठवण करून द्यावी लागली होती. डॅफ-१२ चं संप्रेरक आणि आयव्हरमेक्टिन एकत्र दिल्यावर असा भडकलेला संसर्ग प्रयोगातल्या जर्बिल प्राण्यांत जवळपास पूर्ण आटोक्यात आला, हे २०२१ मध्ये प्रसिद्ध झालं.

यापुढची वाट लांब आहे. प्राझिक्वांटेलच्या गोळ्या मर्क २००७ पासून जागतिक आरोग्य संघटनेला दान देते, वर्षाला २५ कोटींपर्यंत. तरी लहान मुलांना गिळता येईल असं त्याचं रूप, आर्प्राझिक्वांटेल, युरोपीय औषध नियामकांच्या तज्ज्ञ समितीच्या पसंतीस उतरायला २०२३ चा डिसेंबर उजाडला. जुन्याच औषधाला एवढी वर्षं लागली. ग्राहींवरचं नवं औषध हवं तर आधी व्हीएफ-१ च्या खोबणीत निसर्गतः काय बसतं ते ओळखावं लागेल, मग त्या जागी घट्ट बसणारा आणि माणसाच्या ४८ पैकी एकाही ग्राहीला न शिवणारा रेणू घडवावा लागेल. आणि तो कोवळ्या मादीवरही चालतो का, हे सर्वांत आधी तपासावं लागेल, कारण प्राझिक्वांटेल नेमकं तिथंच कमी पडतं.